मानेतली कचकच, करकर आणि हुळहुळ: नेमका शब्द कोणता?

प्रश्नकर्ती: मला चार वर्षांपासून फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार) आहे. परवा डॉक्टरांनी विचारलं, ‘मानेत आवाज येतो म्हणजे कसा?’ मी ‘कटकट’ म्हणून मोकळी झाले. पण तो कटकट नाहीच. पालेभाजी नीट धुतली गेली नाही की दाताखाली लागतं ना, तसं मान वळवली की होतं. शेजारी बसलेल्या ह्यांना ऐकू येत नाही, माझ्या कानात मात्र भरतं. याला काय म्हणायचं?

जुनी पाटी: ताई, माती दाताखाली लागते तीच कचकच. ‘कट्’ एकदाच होतो, बोटं मोडल्यासारखा. सांध्यातल्या द्रवात दाब उतरून वायूचा बुडबुडा होतो, म्हणून तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही. कचकच दर वळणाला होते. करकर त्याहून कोरडी, नव्या वहाणांची. डॉक्टर याला क्रेपिटस म्हणतात, तोही लॅटिनमधल्या कडकडण्यावरूनच आलाय. (‘कुरकुर’ तेवढं म्हणू नका, घरचे म्हणतील ती रोजचीच.)

प्रश्नकर्ती: आणि मानेवर ओढणीसुद्धा नकोशी होते ते? ‘दुखतं’ म्हटलं की मलम लिहून देतात.

सातारकर: आमच्याकडे ‘हुळहुळतंय’ म्हणतात. भाजलेलं बरं होत आलं की त्या कातडीला वाराही सोसत नाही, तसं. ठणका आत, हुळहुळ वर. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थाच साध्या स्पर्शाला वेदना करून ठेवते, त्यामुळे हा शब्द फिट बसतो. वैद्यकात अॅलोडिनिया. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल होत असेल, तर ते मात्र वेगळं आणि आधी सांगा. तिथे नस दबलेली असू शकते.

जुनी पाटी: ‘मान धरली’ही नको. धरलेली मान चार दिवसांत सुटते. ‘लचकली’ला झटका लागतो. तुमची रोजची, म्हणजे ‘आखडलेली’. आणि ‘सुजली’ तर नकोच. या दुखण्याला १९०४ मध्ये ब्रिटिश डॉक्टर गॉवर्स यांनी ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं होतं. ‘आयटिस’ म्हणजे दाह. स्नायूंत दाह काही सापडेना, शेवटी ते नाव मागे पडलं.

प्रश्नकर्ती: चिठ्ठी लिहिली: ‘वळवताना कचकच, सकाळी आखडलेली, संध्याकाळी हुळहुळते.’ ह्यांनी वाचून विचारलं, ‘म्हणजे संध्याकाळी तेल चोळून द्यायचं नाही?’ चार वर्षं चोळतायत बिचारे.