हवामानबदलासारखे संकट सरकारे एकत्र येऊन सोडवू शकतील का?

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे): तापमानवाढ रोखण्यासाठीच्या 2015 च्या पॅरिस करारानंतरही जगाचे हरितवायूंचे उत्सर्जन वाढतच राहिले, आणि जुलै 2024 मध्ये मुठेचे पाणी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आले. सरकारांवर भिस्त ठेवावी का?

उत्तर (कोथरूड): ताई, ठेवावी, पण करार कसा बांधला आहे ते पाहून. 1987 च्या मॉन्ट्रियल करारात ओझोनचा थर विरळ करणाऱ्या, फ्रीजमधल्या वायूसारख्या रसायनांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने घटवण्याचे बंधन होते, बाहेर राहणाऱ्या देशांशी या रसायनांच्या व्यापारावर निर्बंध होते आणि पुढे विकसनशील देशांसाठी निधीही उभा राहिला, म्हणून तो पाळला गेला. पॅरिसमध्ये उद्दिष्ट ज्याचे त्याने ठरवायचे. ते हुकले तर दंड नाही.

उत्तर (हडपसर): पोलिओच्या बूथवर मी कित्येक रविवार मुलांच्या करंगळीला शाई लावली आहे. लस सरकारने दिली, पण राहून गेलेले मूल शोधायला दारोदार माणसेच फिरली. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

प्रश्नकर्ती: पटले. मात्र फ्रीजमधल्या वायूला पर्याय लवकर मिळाला. कोळशावर तर लाखो घरांची चूल पेटते, त्यांच्या रोजगाराची तजवीज करारातच हवी, असे मला कळकळीने वाटते.