क्रूझ यांची मतं आणि तो फॉरवर्ड

(ह्यूस्टनमधल्या आमच्या वस्तीच्या ग्रुपवरचं बोलणं. टेड क्रूझ हे अमेरिकेच्या सेनेटमधले टेक्सासचे रिपब्लिकन सेनेटर.)

मेघना: ‘सेनेटर क्रूझ यांनी टेक्साससाठी काय केलं’ हा फॉरवर्ड कोणी टाकला, नाव घेत नाही. अर्धवट आहे तो, नुसती चांगली कामं मोजलीत, विरोधातली मतं नाहीत. न्यूयॉर्क-न्यू जर्सीला झोडपलेल्या सँडी वादळाच्या मदतीचं विधेयक, सेनेटमध्ये २८ जानेवारी २०१३, ६२–३६ ने मंजूर, क्रूझ विरोधात. हार्वी वादळ आपल्या ह्यूस्टनवर आलं, त्याची मदत ७ सप्टेंबर २०१७ ला ८०–१७ ने मंजूर, क्रूझ बाजूने. सँडीला तीन महिने थांबायला लागलं, हार्वीला दोन आठवडेही नाहीत.

देशपांडेकाका: मीच टाकला. नाव घ्या की. सँडीच्या विधेयकात दोनतृतीयांश खर्च वादळाचा नव्हताच, हे क्रूझ यांनी सांगितलंय.

मेघना: सांगितलंय काका, पण हिशेब बसत नाही. एकूण ५०.५ अब्ज डॉलर. पुनर्वसन निधी १६, फेमाची (केंद्राची आपत्ती-मदत संस्था) मदत साधारण ११.५, रेल्वे-सबवे साधारण ११. तीन रकमांतच ३८ च्या वर जातं. पुनर्वसनात २०११ ते २०१३ च्या इतर आपत्ती होत्या, पण आपत्तीच ना!

सुनीतावहिनी: ग्रुपवर राजकारण नको हे ठरलंय. शनिवारी नाल्याकाठची सफाई, कोण कोण येणार?

नितीन: मी येतो. मागच्या वेळी पिशव्या कमी पडल्या, HOA च्या (आपल्या घरमालक संघाच्या) पैशांचं काय झालं?

सुनीतावहिनी: तो हिशेब ग्रुपवर टाकलाय. वर जाऊन बघा.

अमेय: वहिनी, एकच. मत शोधताना नुसतं शेवटचं मत बघू नका. विषारी धुराने आजारी पडलेल्या माजी सैनिकांच्या उपचारांचा पॅक्ट कायदा घ्या. जून २०२२ ला ८४–१४, क्रूझ बाजूने. २७ जुलैला चर्चा थांबवून मतदान घ्यायचा ठराव ५५–४२ वर अडला, कारण ६० लागतात. तिथे क्रूझ विरोधात. २ ऑगस्टला ८६–११, पुन्हा बाजूने. फक्त शेवटचं बघितलं तर सगळं छान दिसतं. शिवाय विधेयकाचा क्रमांक मधे बदलला, एकाच क्रमांकाने शोधलं तर अर्धी मतं सापडत नाहीत.

देशपांडेकाका: डेमोक्रॅट्सचे सेनेटमधले नेते शूमरही २७ जुलैला विरोधात होते. ते सांगा.

अमेय: खरंय, पण ते पुन्हा मतदान मागता यावं म्हणून. हरलेल्या ठरावावर फेरविचार मागायचा तर जिंकलेल्या बाजूला मत असावं लागतं. आणि ४०० अब्ज डॉलरच्या खर्चाची जी तरतूद विरोध करणाऱ्यांना नंतर खुपली, ती जूनच्या मसुद्यातही होती.

मेघना: सँडी ६२–३६. विरोधात.

देशपांडेकाका: मेघना, वाचलं. एकदाच पुरे. इंटरस्टेट १४ महामार्ग कोणी आणला ते बोला.

अमेय: त्या मार्गासाठी विधेयकात सुचवलेली दुरुस्ती क्रूझ आणि जॉर्जियाचे सेनेटर वॉर्नॉक यांची, सेनेटने मान्यही केली. मग १० ऑगस्ट २०२१ ला ज्या पायाभूत सुविधांच्या विधेयकात ती होती त्यालाच क्रूझ यांचं विरोधी मत. ६९–३० ने झालं मंजूर. टेक्सासचे दुसरे सेनेटर कॉर्निनही विरोधात, तेव्हा एकट्यांना दोष नको.

नितीन: संगणकाच्या चिप देशातच बनाव्यात म्हणून अनुदान देणाऱ्या चिप कायद्यात मात्र फरक आहे. २७ जुलै २०२२, ६४–३३. कॉर्निन बाजूने, क्रूझ विरोधात. टेक्सासमधल्या शेर्मन आणि टेलर या गावांतल्या चिप कारखान्यांना अनुदान त्याच कायद्यातून.

देशपांडेकाका: सरकारी पैसे कंपन्यांना देऊ नयेत हे त्यांचं तत्त्व आहे. मला पटतं ते.

मेघना: तत्त्व आहे तर हार्वीच्या वेळी कुठे होतं? ६२–३६ काका.

सुनीतावहिनी: मेघना, बास.

अमेय: ज्यांना तपासायचंय त्यांनी सेनेटच्या साइटवर रोल कॉल व्होट्समध्ये जावं, आधी काँग्रेस आणि सत्र निवडावं, मग तारखेने शोधावं. ‘ऑन पॅसेज’ (विधेयकाच्या मंजुरीचं मत) आणि ‘क्लोचर’ (चर्चा थांबवायचं मत) वेगळे वाचा. क्रूझ यांच्या ऑफिसला फोन केलात तर पिन कोड, मताची तारीख आणि विधेयकाचा क्रमांक सांगा, नाहीतर ठरावीक पत्र येतं.

देशपांडेकाका: फॉरवर्ड काढणार नाही. पण इंटरस्टेट १४ चं मत बघतो.