जुन्या अॅल्युमिनियमची तुरटी घरी करता येते का?

शाहूपुरीची सून: पंचगंगा फुगली की आमच्या नळाला चहासारखं पाणी. तुरटी फिरवून ठेवते, भागतं. परवा माळ्यावरून सासूबाईंची चेपलेली हिंडालियमची पातेली निघाली, शिवाय पोराने जमवलेले कोल्ड्रिंकचे कॅन आहेतच. पोरगा म्हणतो, यातूनच तुरटी होते, विज्ञान प्रदर्शनात करूया. खरंच होते? झालीच तर प्यायच्या पाण्याला चालेल? भंगारवाला टपलेलाच आहे.

निवृत्त लॅबवाला: होते की, ताई. कॉलेजात पोरांकडून हेच करून घ्यायचो. कॅनचा रंग आणि आतलं अस्तर घासून काढायचं, पत्रा बारीक कातरून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कास्टिक पोटॅशच्या द्रावणात सोडायचा. फसाफसा हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ जाळ नको. काळपट द्रावण गाळून त्यात सल्फ्युरिक आम्ल, अगदी जपून. आधी पांढरा साका दाटतो, आणखी आम्ल घातलं की विरघळतो. मग बर्फात ठेवायचं. आठ पैलूंचे खडे दिसायला लागले की वर्गातली मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं यायची! हिशेबाने 27 ग्रॅम अॅल्युमिनियमपासून 474 ग्रॅम तुरटी. हुरळू नका, त्यात निम्म्याच्या आसपास वजन नुसत्या पाण्याचं.

पण ती प्यायची नाही. हिंडालियम ही मिश्रधातू. त्यात भंगार वितळवून ओतलेलं भांडं असलं तर शिसंही असू शकतं. आणि कास्टिक, आम्ल हे स्वयंपाकघरातलं काम नव्हे.

उद्यमनगर लेथ: काका, आमच्याकडं लोखंडाच्या किसाची पोती भरतात. त्याचं काय होतं का?

निवृत्त लॅबवाला: होतं तर. गंजणारं लोखंड पाण्यातलं विषारी आर्सेनिक धरून ठेवतं. बांगलादेशातल्या 'सोनो' फिल्टरमध्ये लोखंडच वापरलंय, 2007 साली त्याला अमेरिकेत ग्रेंजर पुरस्कार मिळाला. पत्रा धुतलेल्या टाकाऊ आम्लातलं लोखंडही फेरिक क्लोराइड करून सांडपाण्याचा गाळ बसवायला वापरतात. पण भावा, तुझ्या किसाला कटिंग ऑइल माखलेलं असतंय. ते तसंच पाण्यात टाकलंस तर आजार बरा, औषध नको अशी गत. आपल्याकडं पावसाळ्यात खरी अडचण गढूळपणा आणि जंतू.

शाहूपुरीची सून: म्हणजे तुरटीनं जंतू मरत नाहीत?

निवृत्त लॅबवाला: नाही. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम तो भार मारतं, पुंजके होतात आणि खाली बसतात. काही जंतू गाळाबरोबर जातात, बाकीचे पाण्यातच. म्हणून वरचं पाणी निवळून घ्या आणि उकळा, नाहीतर क्लोरीन घाला. तुरटी दुकानातलीच आणा, स्वस्त आहे.

शाहूपुरीची सून: मग पातेली भंगारात, कॅन प्रदर्शनाला. पण आम्ल शाळेत देतील का हो?

निवृत्त लॅबवाला: पोराच्या हातात देऊ नका म्हणावं. सरांनी स्वतः ओतायचं, चष्मा-हातमोजे घालून. पोरानं खडे मोजावेत.