दागिना घातला की खाज: तुम्हाला कोणता धातू चालतो? (अनुभव धागा)

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या घरी हा विषय निघतोच. वहिनीला इमिटेशनचं काहीही चालत नाही. कानाच्या पाळ्या सुजतात, पाणी सुटतं. शेवटी पॅच टेस्ट झाली. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात. त्या ४८ तासांनी काढल्या, तर निकेलच्या जागी लालभडक पुरळ, बाकी जागा कोऱ्या. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही म्हणे. तर त्रास असलेल्यांनी लिहा: काय घालता, काय टाळता, सराफाला काय विचारता? ‘हळद लावा’ सोडून काहीही चालेल.

*

मी २२ कॅरेटच्या कुड्यांशिवाय काही घालत नाही, तरी खाज यायची. पाळीच्या पुढे काही नाही, मागे मात्र बरोबर फिरकीएवढा गोल चट्टा! मूळ फिरकी हरवल्यावर दुकानदाराने दिलेली पिवळी फिरकी पितळेची निघाली, वर नुसता मुलामा. अशा मुलाम्याखाली बरेचदा निकेलचाच थर असतो. सोन्याची फिरकी करून घेतली, चट्टा गेला. चापाच्या नथीचा चापही एकदा बघून घ्या. मोती खरे असतात, तार कशाची ते कोणी सांगत नाही.

*

पांढऱ्या सोन्याबद्दल लिहिते. माझी अंगठी १८ कॅरेटची, आत ७५० चा शिक्का. सुरुवातीला काहीच झालं नाही. पुढे तळहाताकडची बाजू पिवळट दिसायला लागली आणि नेमकं तिथेच बोट सोलपटलं. ७५० म्हणजे ७५ टक्के सोनं. उरलेल्या पंचवीसात काय आहे ते शिक्का सांगत नाही. सोनं पांढरं करायला निकेल घालतात नाहीतर पॅलेडियम, आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा. तो झिजेपर्यंत सगळं छान. आता सराफाला थेट विचारते, ‘निकेल की पॅलेडियम?’ एकाने ‘ताई, सोनं ते सोनंच’ म्हणून उडवून लावलं. तिथून उठले.

*

ऑक्सिडाइज्ड चोकर, दांडिया, घाम. पुढचं सांगायला नको. घामाने निकेल सुटतं, म्हणून एसी हॉलमध्ये चालणारा दागिना मैदानात चालत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नाही. ९२५ ची चांदी (म्हणजे ९२.५ टक्के) मला चालते, त्यात बाकीचं बहुतेक तांबंच असतं. जोडवी बारा महिने पायात आहेत.

*

जर्मनीत राहतो. युरोपात १९९४ पासून यावर कायदा आहे. दागिन्यात निकेल किती आहे यापेक्षा त्वचेवर किती सुटतं ते मोजतात. म्हणून ३१६एल या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये १० टक्क्यांहून जास्त निकेल असूनही बऱ्याच जणांना ते चालतं, कारण ते धरून ठेवलेलं असतं. माझ्या बायकोला तेही चालत नाही, ती टायटॅनियमवर आली. घरी तपासायचं असेल तर डायमिथाइलग्लायऑक्झिमचं किट मिळतं: कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून दागिन्यावर घासायचा, गुलाबी झाला की निकेल सुटतंय. आम्ही हौसेने घरभर घासत सुटलो, किल्ल्यासुद्धा सोडल्या नाहीत.

*

वरच्यांना अनुमोदन, पण टायटॅनियमची ठुशी कुठून आणू? :) लेकीचे कान मात्र सोनाराकडून सोन्याच्या तारेनेच टोचले. कान टोचायच्या गनमधल्या खड्यांची दांडी कशाची ते दुकानातल्या मुलीला सांगता येईना. ताज्या जखमेत निकेल नको, एवढं कळत होतं.

*

दागिन्याला नेलपेंटचा पारदर्शक थर देऊन बघा असं सगळे सांगतात. दिला. पहिली पंगत उठेपर्यंत टिकला.

*

पुरुषांना धाग्यात प्रवेश आहे ना? दागिना एकही नाही, पण बेंबीखाली कायमचा चट्टा. गजकर्ण समजून मलमं झाली. डॉक्टरांनी जीन्सचं बटण दाखवायला सांगितलं! आता प्रत्येक पँटला बटणामागे सुती कापड शिवून घेतो. शिंपी त्याचे पैसे घेत नाही, चौकशा मात्र भरपूर करतो.