अमेरिकेत ९१ पर्सेंटाइल, ठाण्यात ५८. मुलगी मागे पडली का?

घोडबंदरची_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही गेल्या जूनमध्ये न्यू जर्सीहून कायमचे ठाण्याला आलो, घोडबंदर रोडला राहतो, लेक आता पाचवीत आहे, सीबीएसई. तिकडच्या शाळेत मॅप ग्रोथ म्हणून कॉम्प्युटरवर टेस्ट व्हायची, फॉल विंटर स्प्रिंग अशी वर्षातून तीनदा, त्यात चौथीच्या शेवटी गणितात ९१ पर्सेंटाइल होते आणि रीडिंगला ८८. इथे शाळेने अ‍ॅसेट नावाची टेस्ट घेतली, त्याचा रिपोर्ट परवा आला तर इंग्लिश ८४ आणि गणित चक्क ५८. शिवाय एक गणिताची ऑलिम्पियाड दिली होती, त्यात शाळेत तिसरी आणि इंटरनॅशनल रँक मात्र चार आकडी.

आता घरात तीन मतं. नवरा म्हणतो ५८ म्हणजे जेमतेम सेकंड क्लास, ताबडतोब क्लास लाव. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी चौथीला स्कॉलरशिप असायची, यादीत नाव आलं तर आलं, ही पर्सेंटाइलची भानगड नव्हती. आणि मी रात्री साडेअकराला दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बसलेय. एकाच पोरीचे हे आकडे एकमेकांशी जुळवायचे कसे? की जुळवायचेच नसतात? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

ऐरोलीचा_बाबा

ताई सगळ्यात आधी नवऱ्याला सांगा, पर्सेंट वेगळे आणि पर्सेंटाइल वेगळे. ५८ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ५८ मार्क नाहीत, ज्या मुलांशी तुलना केली त्यातली साधारण ५८ टक्के तिच्या मागे आहेत, बस. पेपर महाअवघड असेल तर ४५ टक्के मार्कांना पण ९० पर्सेंटाइल येतं आणि सोपा असेल तर ८५ टक्के घेऊन पोरगं ४० वर असतं. आमच्या मोठ्याच्या जेईईच्या वेळी हे सगळं पाठ झालंय माझं, तिथे तर दशांशाच्या पुढे सात आकडे देतात, आणि दर शिफ्टचा पेपर वेगळा म्हणून प्रत्येक शिफ्टच्या टॉपरला १००. मार्क किती पडले हे नातेवाईकांना समजावता समजावता नाकी नऊ आले होते.

दुसरं म्हणजे पर्सेंटाइलची पट्टी सरळ नसते. बहुतेक मुलं मध्ये दाटीवाटीने असतात, आपली संध्याकाळची ठाणे वाशी लोकल समजा, मधल्या दारात एक पाऊल सरकलात की दहा माणसं मागे पडतात. म्हणून ५० वरून ५७ ला जायला एखाद दुसरा प्रश्न पुरतो. पण ९१ वरून ९८ ला जायचं तर तेवढेच सात आकडे असून अंतर जवळपास चौपट असतं (घंटेच्या आकाराचा आलेख धरला तर पहिलं ०.१८ स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, आणि दुसरं ०.७१, हिशोब करून बघा कोणाला हौस असेल तर). त्यामुळे ९१ वजा ५८ बरोबर ३३, म्हणजे पोरगी ३३ ने घसरली, असली वजाबाकी करूच नका.

वाशीतली_मी

मी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या करते, वाशीत बसते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतो. वरच्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे पण मुख्य मुद्दा पुढे आहे. अशा रिपोर्टमध्ये आकड्याआधी विचारायचं, कोणात? ५८ कोणात, ९१ कोणात. या चाचण्यांना नॉर्म रेफरन्स्ड म्हणतात, म्हणजे मुलाला काय येतं ते थेट न सांगता ठराविक गटात ते कुठे उभं आहे हे सांगणाऱ्या. तो गट बदलला की तेच मूल, तेच डोकं, पण आकडा वेगळा.

मॅपचा गट म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी शाळांची मुलं, सगळ्या थरातली, गावाकडची, गरीब वस्तीतली, नुकतं इंग्रजी शिकायला लागलेली, सगळी त्यात. त्यांचे नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची त्या गटाचे आकडे, दर काही वर्षांनी नव्याने काढतात, २०१५, २०२०, २०२५ असे. अ‍ॅसेट अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेची, २००१ पासूनची, आणि ती मुख्यतः खासगी शाळा पैसे भरून घेतात. म्हणजे तुमची मुलगी इथे ज्यांच्या रांगेत उभी आहे ती साधारण तिच्यासारख्याच घरातली मुलं, शिकलेले आईबाप, संध्याकाळी अबॅकस. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल त्या रांगेत फारसं नाहीच. तेव्हा या गटातले ५८ आणि तिथल्या सगळ्यांतले ९१, हे एका मापाचे नाहीतच. ऑलिम्पियाडची रँक तर अजून वेगळी, तिथे जे हौसेने फी भरून बसले तेवढ्यांतला नंबर. "इंटरनॅशनल" शब्दावर जाऊ नका.

मग चाचणीची रीत पण वेगळी. मॅप अ‍ॅडॅप्टिव्ह आहे, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा, त्यामुळे हुशार असो की कच्चं, जवळपास प्रत्येक मूल निम्मे प्रश्न चुकतं, आणि वेळेचं बंधन नाही. आपल्याकडे सगळ्यांना एकच पेपर आणि समोर घड्याळ. सावकाश विचार करणारं मूल या दोन्हीत सारखं दिसेलच असं नाही.

आणखी एक, हे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण यात आपल्याकडे फार गोंधळ आहे. नॉर्म शिळे होतात. बुद्ध्यांक काढायला आपल्या इथे अजून बऱ्याच ठिकाणी मालिनची चाचणी वापरतात, नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्स्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीवरून १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी बेतलेली. काम मोठंच होतं, त्यांनी ते केलं नसतं तर आपल्याकडे काहीच नव्हतं. पण विचार करा, आजच्या सीवूड्सच्या दहा वर्षांच्या पोराची तुलना कोणाशी, तर साठच्या दशकातल्या मुलांशी, जी आज आजी आजोबा आहेत. जेम्स फ्लिन या संशोधकांनी १९८४ साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की तिथे दर दहा वर्षांनी बुद्ध्यांकाची सरासरी साधारण ३ गुणांनी वर सरकत होती, म्हणजे जुनी फूटपट्टी लावली की मूल आहे त्यापेक्षा उंच दिसतं. आईबाप खूश होऊन घरी जातात, आणि मग नव्या नॉर्म्सच्या चाचणीत दहा पंधरा गुण कमी आले की माझ्याशी भांडतात! म्हणून कुठलाही रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बघायचं, नॉर्म कधीचे आणि कुठले.

सीवूड्सवाला

मला विचाराल तर हा सगळा धंदा आहे. शाळा फी घेते, कंपनी रिपोर्ट देते, आपण टेन्शन घेतो. अमेरिकेत १९८७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या जॉन कॅनेल नावाच्या एका डॉक्टरने पत्रं फोन करून माहिती गोळा केली तर ५० च्या ५० राज्यं म्हणत होती आमची प्राथमिकची मुलं राष्ट्रीय सरासरीच्या वर. सगळेच सरासरीच्या वर कसे काय? जुने नॉर्म आणि तोच पेपर वर्षानुवर्षं घोटून घेतलेला. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पण एकही मूल सरासरी नसतं म्हणा.

बहिणीचा किस्सा. ती डॅलसहून नेरुळला आली तेव्हा तिच्या मुलाच्या आयोवा टेस्टच्या रिपोर्टवर ग्रेड इक्विव्हॅलंट ७.२ होतं, मुलगा चौथीतला. ती थेट रिपोर्ट घेऊन शाळेत, की हा सातवीचा अभ्यास करू शकतो, दोन वर्षं पुढे बसवा. हेडबाईंनी चहा पाजून परत पाठवलं.

वाशीतली_मी

हेडबाई बरोबर होत्या :) ७.२ चा अर्थ असा की चौथीचा पेपर त्याने इतका चांगला सोडवला जितका सातवीच्या दुसऱ्या महिन्यातलं मधलं मूल सोडवेल. पेपर चौथीचाच! सातवीची बीजगणितं त्याला येतात असं कुठेच म्हटलेलं नाही. हा आकडा दिसायला सगळ्यात सोपा आणि समजायला सगळ्यात फसवा, मी तर पालकांना त्याच्यावर पट्टी चिकटवायला सांगते.

धंद्याचं म्हणाल तर अर्धं पटतं. पण वाचन लेखनात अडकणाऱ्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळवायची असेल तर याच नॉर्मवाल्या चाचण्या लागतात, तिथे त्या उपयोगाच्याच आहेत.

नौपाड्याच्या_बाई

मी निवृत्त शिक्षिका, ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं, स्कॉलरशिपचे जादा तास तर किती घेतले त्याची मोजदाद नाही, सकाळी साडेसहाला मुलं डोळे चोळत यायची. तुमच्या सासूबाईंना सांगा की त्यांची यादी म्हणजे पण पर्सेंटाइलचीच मावशी. प्रत्येक पेपरात ४० टक्के पडले तर पात्र, हा झाला ठरलेल्या पट्टीचा भाग, इतरांनी काय केलं याच्याशी संबंध नाही. पण शिष्यवृत्ती मिळणार कोणाला तर यादीत वर असतील त्यांना, म्हणजे परत तुलना आलीच. दोनशे साठ मार्क पडून रडणारी मुलं बघितलीत मी, ३०० पैकी दोनशे साठ!

आता तुमच्या लेकीबद्दल. तुम्ही सगळे आकड्यांवर बोलताय, पोरीला नक्की काय आलं नाही ते कोणी विचारलंच नाही. त्या रिपोर्टमध्ये कौशल्यानुसार एक पान असतं, ते काढा. मला आधीच वास येतोय. तिकडून आलेल्या मुलांची दांडी कुठे उडते माहितेय का, लाख आणि कोटीत. तिकडे तीन तीन आकड्यांवर स्वल्पविराम, आपल्याकडे पहिले तीन आणि मग दोन दोन. एक लाख लिहायला सांगितलं की मूल हंड्रेड थाउजंड असं मनात म्हणतं, मग शून्य मोजतं, तोवर शेजारचा पुढच्या प्रश्नावर. शिवाय तिथे इंच, फूट आणि पाउंडात वाढलेली, इथे सेंटिमीटर आणि ग्रॅम. हे डोक्याचं कमी जास्त नव्हे, सवयीचं आहे. क्लास वगैरे काही लावू नका इतक्यात.

घोडबंदरची_आई

बाई, तुमच्या पाया पडायला नौपाड्यात येते! काल रात्री ते पान काढलं. भूमिती आणि पॅटर्नच्या प्रश्नांत ती शाळेच्या सरासरीच्या बरीच वर आहे, आणि संख्याज्ञान व मापन या दोन ओळींत एकदम खाली. तिला सहज म्हटलं सात लाख पाच हजार चाळीस लिही, तिने ७०५,०४० लिहिलं, आकडे बरोबर, स्वल्पविराम अमेरिकन. मग म्हटलं आता तीन कोटी लिही, तर म्हणाली कोटी म्हणजे किती झिरो ते तू आधी सांग.

वेळेचं पण खरं निघालं, शेवटचे पाच प्रश्न तिने वाचलेच नव्हते. "आई, तिकडे बेल व्हायची नाही ना टेस्टला" असं म्हणाली. नवऱ्याला ऐरोलीच्या दादांचा लोकलचा दाखला वाचून दाखवला, तो हसला पण क्लासचं अजून पूर्ण डोक्यातून गेलेलं नाहीये.

एक शंका राहिली. पुढच्या वर्षी परत अ‍ॅसेट आहे, तेव्हा तो आकडा या वर्षीच्या ५८ शी ताडून बघायचा का?

वाशीतली_मी

हो, तो बघा, कारण गट साधारण तोच राहणार. फक्त दोन चार आकडे इकडे तिकडे झाले तर नाचू नका आणि रडूही नका. तीच मुलगी तोच पेपर सोमवारी न देता गुरुवारी देईल तर मधल्या भागात सहज पाच सात पर्सेंटाइल हलतात, सर्दी असेल तर अजून. चांगल्या रिपोर्टमध्ये म्हणूनच एका आकड्याऐवजी इथपासून तिथपर्यंत असा पट्टा देतात, किंवा स्टॅनाइन, म्हणजे सगळ्या पर्सेंटाइलचे १ ते ९ असे नऊ खण, त्यात ४१ ते ५९ ची सगळी मुलं एकाच पाचच्या खणात बसतात. त्या हिशोबाने तुमची मुलगी आज बरोबर मधल्या खणात आहे, न वाचलेले पाच प्रश्न धरून. अमेरिकेचा रिपोर्ट मात्र आता फाइलला लावून टाका.

नौपाड्याच्या_बाई

आणि ती स्वल्पविरामाची सवय रोज पेपरातल्या बातम्यांवरून करून घ्या, महापालिकेचं बजेट, फ्लॅटचे भाव, त्यात कोटींना तोटा नाही. घोडबंदरच्या फ्लॅटचा भाव शून्य मोजून लिहिता आला की मला कळवा.

ऐरोलीचा_बाबा

बाई तो भाव लिहिताना माझेच शून्य चुकतात

घोडबंदरची_आई

😂 आज नवऱ्यालाच बसवते लिहायला, लेक तपासेल.