सीडचे २४ शब्द स्टीलवर ठोकून शेतात पुरायचेत: पाइप कोणता, खोली किती?

बांधकरी
बिटकॉइनच्या चाव्या ठेवणारं उपकरण, म्हणजे हार्डवेअर वॉलेट, माझ्याकडे आहे. ते हरवलं तर वॉलेट परत उभं करणारे त्याचे २४ शब्द (सीड; बिप-३९ या पद्धतीच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतले) सध्या कागदावर, घरातल्या कपाटात आहेत. दुसरी प्रत धातूवर करून गावच्या शेतात पुरायची आहे. जमीन काळी, भर पावसात पाणी साचतं, नांगरट ट्रॅक्टरने. शब्द लेझरने कोरून घ्यावेत की हाताने पंच मारावेत? पीव्हीसी पाइप चालेल का? आणि जागा लक्षात राहायला मोबाइलचं जीपीएस पुरेल?

पाना-बारा
लेझर नको. शब्द दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप झाले, म्हणजे एक प्रत तिथेही राहिली. शिवाय स्टीलवर नुसता काळा उठवलेला मार्क वरवरचा असतो, गंजाने आधी तोच जातो. पंचाचा खड्डा टिकतो.

पट्टीपेक्षा वॉशर सोपे. एका वॉशरवर एक शब्द. एम-८ चे (८ मिमी बोल्टचे) मोठे स्टेनलेस वॉशर घ्या, २४ मिमी व्यासाचे आणि २ मिमी जाडीचे. चोवीस वॉशरची चळत ४८ मिमी होते, त्यामुळे एम-८ चा ७० मिमी बोल्ट आणि एक नट पुरतो. बोल्ट-नटही स्टेनलेसच हवेत. साधा लोखंडी नट स्टेनलेसला लागून ओल्यात राहिला की आधी तोच खाल्ला जातो. स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे जाम होतात, म्हणून थोडं ग्रीस लावा आणि हातानेच घट्ट करा.

स्टेनलेसचा ग्रेड ३०४ पुरे. जमीन खारवट किंवा समुद्राजवळची असेल तर ३१६. स्वस्तात २०२ गळ्यात मारतात, आणि ते चुंबकाने ओळखता येत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्ही बहुधा चिकटत नाहीत. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, घराच्या आगीत जाऊ शकतं, त्यामुळे घरातली प्रतही स्टीलचीच करा.

३ मिमीचा अक्षर-पंच सेट आणि आकड्यांचा सेट लागेल. शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, यादीतले २०४८ शब्द तेवढ्यावर वेगळे ओळखू येतात. तीन अक्षरी शब्दापुढे आडवी रेघ मारा, नाहीतर चौथं अक्षर राहून गेलं की काय अशी शंका येते. प्रत्येक वॉशरवर क्रमांक हवाच. इथे खरी गोम आहे: वॉशर गोल, वर-खाली कळत नाही, आणि आकड्यांच्या सेटमध्ये ६ आणि ९ चा पंच बहुधा एकच असतो. म्हणून अक्षरांचे पाय नेहमी भोकाकडे ठेवा आणि ६ व ९ खाली रेघ द्या. वॉशर ऐरणीवर किंवा जाड लोखंडी ठोकळ्यावर ठेवून एकच दणदणीत घाव घाला. लाकडावर ठेवलात तर वाकतो आणि दुसऱ्या घावाला अक्षर दुहेरी उमटतं.

शब्द देवनागरीत लिहायची हौस करू नका. मराठी यादीच नाही, आणि उच्चारावरून स्पेलिंग परत जुळवणं जिकिरीचं.

मुरूम
पाइप ५० मिमी यूपीव्हीसी, लांबी २०० मिमी, दोन्हीकडे सोल्यूशनने चिकटवलेल्या एंड कॅप. आट्याचं झाकण नको, पाणी आधी तिथूनच शिरतं. उघडायचं तेव्हा हॅक्सॉने कापा. एक कॅप चिकटवून २४ तास वाळू द्या, मग बोल्ट आणि २० ग्रॅम सिलिका जेल आत टाकून दुसरी बसवा. हे काम उन्हाळ्यात करा. जुलैत पाइप बंद केला तर पावसाळी हवाच आत कोंडते आणि थंड जमिनीत तिचं पाणी होतं. ११० मिमीचा पाइप मोठा पडतो. ३०० मिमी लांबीला तो जवळपास पावणेतीन लिटर पाणी सारतो, आणि हलका असला तर चिखलात वर यायला बघतो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगा मीटरभर खोल जाऊ शकतात. पाण्याबरोबर पाइप त्यात सरकतो. म्हणून शेताच्या मधोमध नकोच. गोठ्याच्या किंवा घराच्या जोत्यालगत, जिथे ओल फारशी कमी-जास्त होत नाही तिथे पुरा. खोली किमान ९० सेंमी, मुरूम लागला तर त्यातच. खाली वाळूचं अंथरूण टाकू नका, चिकण मातीत तो खड्डा टाकीसारखा भरून राहतो. काढलेलीच माती १५-१५ सेंमीच्या थरांत धुमसून परत भरा, वर थोडा उंचवटा ठेवा. नाहीतर पहिल्या पावसानंतर खळगा पडतो आणि जागा कुणालाही दिसते.

जीपीएसने तीन ते पाच मीटरचा घोळ होतो. दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतर घ्या. विहिरीचा दगडी कठडा चालेल, जोत्याचा कोपरा चालेल. झाड आणि बांध चालणार नाही, वाटणी झाली की बांध हलतो. दोन अंतरांनी दोन बिंदू मिळतात, त्यामुळे कोणत्या बाजूचा तेही लिहा. दोन रेषांमधला कोन काटकोनाच्या जवळ असला तर चूक कमी होते.

बांधकरी
दोन्ही उत्तरं कामाची. १२-१२ शब्द करून दोन ठिकाणी पुरले तर?

शून्य-एक
तसं केलं तर कुठलाही एक भाग गेला की सगळं गेलं. तीन तुकड्यांत १६-१६ शब्द टाकून कुठल्याही दोनांवर काम भागवणं लोक सुचवतात. २४ शब्दांना ते ठीक, एक तुकडा चोरीला गेला तरी चोराला सुमारे ८० बिट, म्हणजे २ चा ८० वा घात इतक्या शक्यता, शोधाव्या लागतात. १२ शब्दांच्या सीडला हेच केलं तर उरतात ४० बिट, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक कार्डांना हे आवाक्यातलं आहे. खरंच वाटायचंच असेल तर स्लिप-३९ (सीड तुकड्यांत वाटायचीच वेगळी पद्धत) वापरा, पण त्यासाठी नवं वॉलेट करून पैसे तिकडे हलवावे लागतात.

तुमच्यासाठी सोपं: पूर्ण सीड जमिनीत, वर एक पासफ्रेज (सीडला जोडायचा, आपणच ठरवलेला गुप्त मजकूर), आणि ती वेगळ्या जागी लिहून. पासफ्रेज चुकली तर उपकरण चूक दाखवत नाही, गुपचूप रिकामं वॉलेट उघडतं. स्पेस आणि लहान-मोठं अक्षर धरून लिहा, सोबत वॉलेटचं फिंगरप्रिंट (उपकरण दाखवतं ती आकडे-अक्षरांची आठ चिन्हांची ओळखखूण) लिहा म्हणजे तेच वॉलेट आहे हे ताडता येईल.

पुरण्याआधी उपकरणातली सगळी माहिती पुसून, फक्त वॉशर वाचून वॉलेट परत उभं करा आणि त्याचा पैसे घ्यायचा पहिला पत्ता आधीच्याशी जुळतो का बघा. त्याआधी कागद जाळू नका. मृत्युपत्रात शब्द लिहू नका, जागाही नको; तो दस्त बऱ्याच हातांतून जातो. अंतरांची चिठ्ठी एकाकडे, पासफ्रेज दुसऱ्याकडे.

मुरूम
एक जाता जाता: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवायचं असतं. उद्या जेसीबीवाल्याला तुमचा पाइप मिळाला तर किंमत वॉशरची धरायची की आतल्या बिटकॉइनची, हे वकिलालाच विचारा.