मांजराच्या नावावर फ्लॅट करता येतो का? मावशी हट्टाला पेटलीय, मदत हवी आहे

मंडळी, हसू नका. आमची मावशी ७४ वर्षांची, डोंबिवलीत एकटी राहते, काका जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही आणि घरात ठकी नावाची मांजर. गेल्या महिन्यात कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या गुंथर कुत्र्याचा फॉरवर्ड पाठवला की जर्मन काउंटेसने कोट्यवधींची इस्टेट कुत्र्याला दिली, तेव्हापासून एकच धोशा, फ्लॅट ठकीच्या नावावर करायचा.

मी शोधून काढलं तर ती काउंटेस मुळात अस्तित्वातच नव्हती! मॉरित्सिओ मियान नावाच्या इटालियन माणसाने रचलेली गोष्ट, पैसा त्याच्या घरच्या औषध कंपनीचा. २०२१ मध्ये कुत्रा मायामीतला मॅडोनाचा जुना बंगला विकतोय म्हणून जगभर बातम्या आल्या, त्यात मोठमोठे पेपरवालेही फसले. आणि वारसा मिळाला म्हणे गुंथर तिसऱ्याला, बंगला विकत होता सहावा. राजघराणंच की हो.

हे मावशीला सांगितलं तर म्हणाली, "मग ती हॉटेलवाली बाई?" ती मात्र खरी निघाली. न्यूयॉर्कची लिओना हेल्म्सली २००७ मध्ये गेली, ट्रबल नावाच्या माल्टीज कुत्रीसाठी १ कोटी २० लाख डॉलरचा ट्रस्ट ठेवला आणि दोन नातवंडांना काहीच नाही. पुढे कोर्टाने ते २० लाखांवर आणलं. वर मावशीने रतन टाटांच्या टिटो कुत्र्याचं नाव घेतलं, मृत्युपत्रात त्याच्या देखभालीची सोय केल्याच्या बातम्या आल्या होत्या ना, झालं, मी गप्प.

तर प्रश्न असा की आपल्याकडे हे कायद्याने होतं का? मामा म्हणतो बाईचं डोकं फिरलंय, त्याचा डोळा फ्लॅटवर आहे ते वेगळं.

प्रतिसाद १: थेट मांजराच्या नावावर नाही होणार. कायद्याच्या लेखी मांजर स्वतःच मालमत्ता, ती मालक कशी होईल? ट्रस्टचंही अवघड, आपल्या १८८२ च्या ट्रस्ट कायद्यात लाभार्थी मालमत्ता धारण करू शकेल असा लागतो. टिटोचं बघा, तिथेही सोय सांभाळण्याचीच आहे. मावशींनी भरवशाचा माणूस ठरवून मृत्युपत्रात त्याला ठकीच्या खर्चासाठी रक्कम द्यावी, आणि पैसे हातात ठेवणारा माणूस दुसरा असावा, नाहीतर पैसे खिशात आणि मांजर रस्त्यावर. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. वकिलाला दाखवा.

प्रतिसाद २: मावशींना विचारलंत का, भीती नेमकी कसली वाटते?

धागाकर्ती: काल विचारलं. म्हणाली, फ्लॅट कोणीही घ्या गं, मी गेल्यावर ठकीला पिशवीत घालून मच्छी मार्केटला सोडतील. मामाने एकदा तसं बोलून दाखवलं होतं म्हणे. मी घेतली असती ठकीला पण नवऱ्याला अ‍ॅलर्जी. मामेबहीण तयार आहे, तिच्याकडे लॅब्रेडॉर आहे. सात वर्षांच्या मांजरीला कुत्र्याची सवय लागते का? कोणी लावलीय का?